दक्षिण समुद्रातला ओला उन्हाळा

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की नाशिक जिल्ह्यातले द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. मणी तडकू नयेत म्हणून रात्र जागून काढतात. पण दहा वाजेपर्यंत ऊन वर येतं, आणि घरात कोरडी गोधडी असतेच. हाच पारा आठवडेच्या आठवडे हटला नाही, घर सतत हेलकावे खात राहिलं आणि अंगावरचा कपडा वाळलाच नाही तर? शिडाच्या नौकेवर थंडी काढणाऱ्यांचं आयुष्य असं असतं. मराठी माणसांचा त्यातला वाटा मोठा आहे, आणि त्याची चर्चा मात्र फारच थोडी होते.

व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी हे 1971च्या युद्धातले वीरचक्र विजेते. निवृत्तीनंतर ते फलटणजवळ विंचुर्णीला राहत. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांचा. नौदलाच्या ‘सागर परिक्रमा’ मोहिमेचं मूळ तिथे आहे. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ तयार झाली: 56 फूट लांब, लाकडी गाभ्यावर फायबरग्लासचे थर दिलेली. ऑगस्ट 2009मध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाऊन असे चार मुक्काम करून मे 2010मध्ये ते परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे ते पहिले भारतीय.

निघण्याचा महिना मुद्दाम निवडलेला होता. दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न 56 अंश दक्षिणेला आहे. तिथला हिवाळा टाळायचा, तर डिसेंबर ते फेब्रुवारी या तिथल्या उन्हाळ्यात ते ओलांडावं लागतं. दोंदे जानेवारीत तिथून गेले. आणि तो उन्हाळा कसला, तर आपल्या निफाडच्या थंडीसारखा! त्या पट्ट्यात वाऱ्याला अडवायला जमीनच जवळजवळ नाही, त्यामुळे वारा आणि लाटा पृथ्वीभोवती मोकाट फिरतात. हवा 5 अंशांवर आणि वारा ताशी 60 किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला थंडी उणे 2 अंशांसारखी बोचते.

तरीही खरा त्रास थंडीपेक्षा ओलीचा.

पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेतं. त्यात समुद्राच्या पाण्यातलं मीठ कपड्यात बसलं की ते हवेतला दमटपणा शोषत राहतं, म्हणून खाऱ्या पाण्यात भिजलेला सदरा गोड्या पाण्यात खळबळल्याशिवाय पुरता वाळत नाही. आणि गोडं पाणी तर पिण्यासाठी मोजून ठेवलेलं. सुती कपडा अशा वेळी वैरी ठरतो. आत लोकर किंवा घाम बाहेर टाकणारा कपडा, त्यावर फ्लीस आणि सर्वांत वर पाणी न शिरणारा पोशाख, अशी तीन थरांची रीत आहे.

ओल आतूनही येते. माणसाचा श्वास, भाताची वाफ, अगदी जळणारा गॅससुद्धा बंद केबिनमध्ये बाष्प सोडतो. ते थंड भिंतींवर जमतं आणि थेंबाथेंबाने अंथरुणावर गळतं. धातूच्या नौकेत हे जास्त, लाकडी गाभ्याच्या नौकेत कमी. उपाय मात्र उलटा वाटणारा आहे: थंडीतही झरोके उघडे ठेवायचे, कारण हवा खेळली नाही तर ओल जात नाही.

शेकोटीची सोयही इथे जपूनच करावी लागते. युरोपातल्या बंदरांत आणि कालव्यांत नौकेवरच बारमाही राहणारी कुटुंबं डिझेलची किंवा लाकडाची छोटी शेगडी बसवतात. तिचा धूर नीट बाहेर गेला नाही तर कार्बन मोनॉक्साइड झोपेतच जीव घेतो. त्याला वास नसतो, त्यामुळे धोक्याची सूचना देणारं यंत्र नौकेत असलंच पाहिजे. पाण्याचे नळ गोठून फुटतात, ती काळजी वेगळीच.

याहून पुढे गेलेली माणसंही आहेत. अमेरिकन नाविक अल्वा सायमन यांनी 1994-95चा हिवाळा कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये बर्फात अडकवून घेतलेल्या ‘रॉजर हेन्री’ या पोलादी नौकेत काढला. त्यातला मोठा काळ सोबतीला फक्त एक मांजर होतं. सूर्य महिनोन्‌महिने उगवत नाही, अशी ती जागा. अशा नौकेभोवती बर्फ रचून ठेवतात, कारण बर्फच बाहेरचा गारठा अडवतो.

दोंदे यांच्यानंतर ‘म्हादेई’तूनच अभिलाष टॉमी यांनी नोव्हेंबर 2012 ते मार्च 2013 या काळात कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली. दिवाडीच्याच कारखान्यात बांधलेल्या ‘तारिणी’तून 2017-18मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी जग फिरून आल्या. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी 2 ऑक्टोबर 2024ला निघून मे 2025मध्ये तोच पराक्रम केला. पॅसिफिकमध्ये त्या ‘पॉइंट निमो’वरून गेल्या. तिथून सर्वांत जवळची जमीनही सुमारे 2,688 किलोमीटर दूर असते. अशा ठिकाणी हुडहुडी भरली, ताप आला, तर जवळच्या दोन हातांवरच भिस्त.

समुद्र नसलेल्या जिल्ह्यातल्या मुलांनी या वाटेला का जाऊ नये? चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीसारख्या दुष्काळी गावचा दत्तू भोकनळ सैन्यात जाऊन वल्हवायला शिकला आणि 2016च्या रिओ ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला. गंगापूर धरणाचं पाणी तर नाशिककरांच्या दारात आहे. एनसीसीच्या नौदल विभागात शिडाची होडी चालवायला शिकवतात. आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या महाविद्यालयात तो विभाग आहे का, हे पालकांनी येत्या जूनमध्ये प्रवेश घेतानाच विचारावं.