रमजानचे पालन : आखाती देश आणि मुंबई उपनगर

रमजान हा हिजरी कालगणनेतील नववा महिना होय. या महिन्यात प्रौढ व निरोगी मुस्लिमांनी पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य करून रोजा ठेवावा, असा इस्लामचा आदेश आहे. आजारी व्यक्ती, प्रवासी, गर्भवती आणि स्तनदा माता यांना सवलत असते. मात्र राहिलेले रोजे पुढे भरून काढावे लागतात. धर्मनियम सर्वत्र सारखे असले, तरी मुस्लिमबहुल देशात आणि त्याबाहेर महिन्याचे दैनंदिन स्वरूप बरेच भिन्न असते. रत्नागिरी, रायगड व मुंबई परिसरातील अनेक मराठी व कोकणी भाषक मुस्लिम कुटुंबांतील माणसे नोकरीनिमित्त आखाती देशांत राहतात. त्यामुळे हा फरक महाराष्ट्रात विशेष परिचयाचा आहे.

चंद्रदर्शन व तारखा

हिजरी वर्ष चांद्र असल्याने रमजान दरवर्षी १० ते ११ दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंमधून फिरतो. महिना २९ किंवा ३० दिवसांचा असतो. त्याचा निर्णय चंद्रकोर दिसण्यावर अवलंबून असतो. सौदी अरेबियात ही घोषणा तेथील सर्वोच्च न्यायालय करते व ती देशभर लागू होते. भारतात शासन असा निर्णय घेत नाही. ठिकठिकाणच्या चंद्रदर्शन समित्या (रुयत-ए-हिलाल) साक्षी तपासून तो जाहीर करतात. दाऊदी बोहरा समाज मात्र गणिती पंचांग पाळत असल्याने त्यांचा महिना बहुधा एक-दोन दिवस आधी सुरू होतो.

रोज्याचा कालावधी

रोज्याची लांबी अक्षांश व ऋतूनुसार बदलते. मुंबईत हिवाळ्यात तो सुमारे सव्वाबारा, तर जूनमध्ये पावणेपंधरा तासांचा होतो. उत्तरेकडील कुवेतमध्ये उन्हाळ्यातील रोजा साडेपंधरा तासांच्या आसपास जातो. स्थानिक वेळेचाही प्रश्न असतो. भारतभर एकच प्रमाणवेळ असली, तरी नागपूरचा सूर्यास्त मुंबईच्या सुमारे २५ मिनिटे आधी होतो. म्हणून सहरी व इफ्तारची वेळापत्रके शहरागणिक स्वतंत्र छापली जातात.

आखाती देशांतील पालन

आखाती देशांत राज्यव्यवस्थाच रमजानशी जुळवून घेते. संयुक्त अरब अमिरातीत खाजगी क्षेत्राचे कामाचे तास रोज दोनने कमी होतात. सौदी कामगार कायद्यानुसार मुस्लिम कर्मचाऱ्यांसाठी दिवसाची मर्यादा सहा तासांची असते. दुबईत इफ्तारच्या वेळी तोफ डागण्याची प्रथा आहे. मशिदींच्या आवारातील तंबूंत सामूहिक इफ्तार मोफत मिळते. घरापासून दूर असलेल्या कामगारांना त्याचा मोठा आधार असतो. कुवेतमध्ये १९६८ च्या कायद्यानुसार रमजानात दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाणे-पिणे हा दंडनीय अपराध आहे. दुबईने उपाहारगृहांवरील पडद्यांची सक्ती २०२१ मध्ये रद्द केली.

मुंबई व उपनगरांतील पालन

मुंबईत रमजान म्हटले की मोहम्मद अली मार्गावरील मिनारा मशिदीजवळचा रात्रबाजार आठवतो. तेथील मालपुवा, फिरनी व नल्ली निहारीसाठी सर्वधर्मीय खवय्ये येतात. उपनगरांतील चित्र निराळे असते. कांदिवली पश्चिमेकडील चारकोप ही वसाहत १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने उभारली. अशा संमिश्र गृहनिर्माण संस्थांत मुस्लिम कुटुंबे विखुरलेली असतात. लगतच्या मालवणीत (मालाड पश्चिम) मात्र मुस्लिम वस्ती मोठी आहे.

येथे कामाचे तास कायद्याने कमी होत नाहीत. संध्याकाळी कार्यालयातून परतणाऱ्यांचा रोजा अनेकदा लोकलच्या डब्यातच खजूर व पाण्याने सुटतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपकास मनाई आहे. त्यामुळे पहाटेच्या सहरीसाठी गजर, छापील वेळापत्रक किंवा भ्रमणध्वनी यांवर भिस्त असते. परीक्षाही वेगळ्या ठेवल्या जात नाहीत. २०२५ मध्ये दहावीच्या परीक्षेचा अखेरचा टप्पा रमजानात आला. अशा वेळी अभ्यास, परीक्षा आणि रोजा यांचा मेळ विद्यार्थ्यांना व पालकांना घरातच घालावा लागतो.

उपासनेतही फरक जाणवतो. तरावीहच्या नमाजात भारतात बहुधा २० रकात पढल्या जातात, तर आखातातील अनेक मशिदींत ८. कोकणी मुस्लिम प्रामुख्याने शाफई पंथाचे आहेत. त्या पंथात रोज्याचा संकल्प (नियत) दररोज पहाटेपूर्वीच करणे आवश्यक असते. हनफी पंथात मध्यान्हापूर्वीपर्यंत मुभा आहे.

प्रवास व रोज्यांची संख्या

महिन्याच्या मध्यात देश बदलल्यास रोज्यांची संख्या बदलू शकते. सर्वसाधारण धर्ममतानुसार व्यक्तीने शेवटी जेथे असेल तेथील ईद पाळावी. २०२४ मध्ये सौदीत रमजान ११ मार्चला, तर मुंबईत १२ मार्चला सुरू झाला आणि ईद अनुक्रमे १० व ११ एप्रिलला झाली. त्यामुळे सौदीत आरंभ करून ईदसाठी मुंबईला परतलेल्याचे ३१ रोजे झाले. याउलट, २०२५ मध्ये मुंबईत २ मार्चला आरंभ करून नंतर सौदीत गेलेल्यास ३० मार्चची ईद २८ रोज्यांनंतरच आली. महिना २९ दिवसांहून लहान नसल्याने अशा व्यक्तीस ईदनंतर एक रोजा भरून काढावा लागतो.

एकाच कुटुंबात ईदही दोन दिवशी येऊ शकते : कमावती व्यक्ती आखातात ईदची नमाज अदा करते, त्या दिवशी मुंबईतील घरच्यांचा अखेरचा रोजा असतो आणि शीरखुर्म्याचे वाटप दुसऱ्या दिवशी होते. ईदच्या नमाजापूर्वी गरजूंना द्यावयाचे दान (सदका-ए-फित्र) मात्र दोन्हीकडे सारखेच बंधनकारक आहे.