एका दिवसाच्या चालीवर एक अंथरूण

पश्चिम जर्मनीतल्या अल्टेना गावचा एक शिक्षक आपल्या शाळेतली मुलं घेऊन पायीच आखेनला निघाला होता. २६ ऑगस्ट १९०९ ला ब्रोल नदीच्या खोऱ्यात त्यांना वादळाने गाठलं. रात्र तोंडावर आली होती आणि डोक्यावर छप्पर नव्हतं. अखेर एका खेड्यातली शाळा उघडून मिळाली. सुट्ट्या असल्यामुळे वर्ग रिकामाच होता. बाकं बाजूला सारली, एका शेतकऱ्याने पेंढा दिला, प्यायला दूध दिलं आणि पोरं पेंढ्यावर गाढ झोपून गेली. बाहेर रात्रभर विजा कडाडत होत्या. शिक्षक मात्र जागे होते. रिचर्ड शिरमान हे त्यांचं नाव, वय ३५.

त्या जागरणात त्यांना जे सुचलं ते इतकं साधं आहे, की आधी कुणाला कसं सुचलं नाही याचंच नवल वाटतं. शाळा गावोगाव आहेत. सुट्टीत त्या रिकाम्या पडतात आणि मुलं भटकायला निघतात तीही सुट्टीतच. मग एकेका दिवसाच्या चालीवरच्या शाळांमध्ये रात्रीपुरती अंथरुणं घालून ठेवली तर? एकही नवी भिंत न बांधता सगळा देश मुलांच्या पायांना खुला होईल!

यातलं ‘एका दिवसाची चाल’ हे माप मला सगळ्यात मोलाचं वाटतं. हॉस्टेल म्हटलं की आज आपल्या मनात स्वस्तातली खोली येते. शिरमान यांच्या डोक्यात खोली नव्हती, साखळी होती. एकच जागा कितीही स्वस्त असली तरी तिच्या जोरावर प्रवास होत नाही. उद्या संध्याकाळी पाय थकतील तिथेही कुणीतरी दार उघडायला हवं.

या माणसाला मुलांच्या चालण्याची एवढी तळमळ का, याचं उत्तर त्यांच्या नोकरीच्या गावांत सापडतं. आधी ते गेल्सेनकिर्शेन या कोळशाच्या खाणींच्या शहरात शिकवत होते, आणि अल्टेना हे तारा ओढणाऱ्या कारखान्यांचं गाव. धुरात वाढणाऱ्या कामगारांच्या पोरांना रानावनात नेऊन शिकवावं हा त्यांचा आग्रह होता. १९१० मध्ये त्यांनी हॉस्टेलची कल्पना वर्तमानपत्रात लेख लिहून मांडली. विल्हेल्म म्युन्कर नावाचे कारखानदार त्यांच्या मदतीला आले आणि पुढे आयुष्यभर बरोबर राहिले. सुरुवातीला शिरमान यांच्या स्वतःच्या शाळेतच पेंढा भरलेल्या गाद्या पडल्या. मग १९१२ मध्ये अल्टेनाच्या टेकडीवरच्या बाराव्या शतकातल्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल सुरू झालं. झोपायला दोन दालनं, त्यांत भक्कम लाकडी तीन मजली पलंग, स्वयंपाकघर, हातपाय धुवायची जागा, शिवाय शॉवर. गडाच्या पायथ्याशी मारुतीच्या देवळात नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओसरीवर पथारी टाकलेल्या कुणाही मराठी भटक्याला त्या पोरांचा हेवा वाटेल. ते जुने पलंग आजही तिथल्या संग्रहालयात पाहायला मिळतात.

आता या स्वस्ताईचं गणित पाहा, कारण खरी गंमत त्यात आहे. इंग्लंड-वेल्समध्ये ही चळवळ १९३० मध्ये पोचली तेव्हा एका रात्रीचं भाडं होतं एक शिलिंग. एवढ्यात कसं भागायचं? पलंगावर पलंग चढवला की आपल्या रेल्वेच्या स्लीपर डब्यासारखी त्याच फरशीवर दुप्पट-तिप्पट माणसं मावतात, हे सहज कळतं. मात्र खर्च खरा वाचायचा तो नियमांमुळे. यायचं ते पायी किंवा सायकलने, मोटारीने नाही. पिशवीसारखी शिवलेली सुती चादर आपली आपण आणायची. घोंगडी हॉस्टेलची, पण अंगाला लागायची ती चादर, त्यामुळे रोज धुण्याचा डोंगर साचत नसे. स्वयंपाक हवा तर आपला आपण करून घ्यायचा. सकाळी निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या वाट्याला एखादं काम यायचं : खोली झाडणं, भांडी विसळणं. दिवसा हॉस्टेल बंद, म्हणजे दिवसभर राबायला नोकरमाणसं नकोत. आणि एका जागी सहसा तीनच रात्री, म्हणजे कुणी तिथेच ठाण मांडून बसायचं नाही. नुसते वाचले तर हे नियम जाचक वाटतील. मला ते फार सुंदर वाटतात. पाहुण्याच्या हातात झाडू देऊनच त्याच्या खिशावरचा भार हलका केला होता, आणि खिशात काहीच नसलेल्यालाही त्यामुळे डोंगर पाहायला मिळाले.

मधल्या काळात पहिलं महायुद्ध होऊन गेलं होतं. १९१५ च्या नाताळात शिरमान व्होझ पर्वतातल्या आघाडीवर जर्मन सैनिक म्हणून उभे होते. तिथे काही वेळ बंदुका थांबल्या, आणि खंदकांमधल्या वाटांनी दोन्हीकडची माणसं एकमेकांना भेटली. जर्मनांनी आपला काळा पाव दिला, फ्रेंचांनी वाइन आणि सिगारेटी दिल्या. देशोदेशीच्या तरुणांना एकमेकांना भेटायला चांगल्या जागा असत्या तर, असा विचार त्यांच्या मनात तिथे घर करून राहिला. १९१९ मध्ये जर्मन यूथ हॉस्टेल संघटना उभी राहिली. १९३२ मध्ये ॲमस्टरडॅमला ११ संघटनांचे प्रतिनिधी जमले आणि आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. त्यात जर्मनी होता, फ्रान्स, बेल्जियम आणि ब्रिटनही होते. चौदाच वर्षांपूर्वी एकमेकांवर तोफा डागणारे हे देश आता एकमेकांच्या मुलांसाठी अंथरुणं घालायला निघाले होते! शिरमान लवकरच महासंघाचे अध्यक्ष झाले. नाझींनी जर्मनीतली हॉस्टेलं ताब्यात घेतली आणि १९३६ मध्ये त्यांना ते पद सोडायला लावलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर हा माणूस पुन्हा हॉस्टेलं उभारायच्या कामाला लागला. १९६१ मध्ये त्यांचं निधन झालं.

आजची खासगी हॉस्टेलं निराळी. तिथे झाडू हातात घ्यावा लागत नाही, मोटारीने आलात तरी चालतं. कॉट तेवढी आपली, बाकी न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि बैठकीची जागा सगळ्यांची. सामान लॉकरमध्ये ठेवून कुलूप आपलं लावायचं. गोवा, जयपूर, मनालीत अशी पुष्कळ आहेत आणि एकट्याने फिरणाऱ्यांना त्यांचा मोठा आधार आहे. मात्र साखळीची मूळ कल्पना अजून जिवंत पाहायची असेल तर मी हिमालयाकडे बोट दाखवीन.

यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया १९४९ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ‘यूथ हॉस्टेलचा ट्रेक’ हाच हिमालयाशी पहिला परिचय असतो. पार्वती नदीच्या खोऱ्यातल्या कसोलहून निघणारा सार पासचा ट्रेक घ्या. वाटेवर एकेका दिवसाच्या चालीवर तंबूंचे तळ मांडलेले असतात, आणि मोसमात ते तिथून हलत नाहीत. हलतात ती माणसं. रोज एक नवी बॅच खालून निघते. वरच्या तळावरची बॅच सकाळी पुढे सरकली की तिने रिकाम्या केलेल्या तंबूत संध्याकाळपर्यंत खालची बॅच येते. अंथरूण-पांघरूण तिथेच, चूलही तिथेच. त्यामुळे कुणाला पाठीवर तंबू वाहावा लागत नाही, प्रत्येक तुकडीमागे वेगळा स्वयंपाकी आणि वेगळी खेचरं लागत नाहीत, आणि खर्च पगारदार घराला झेपेल एवढा राहतो. रिकाम्या शाळांच्या जागी रिकामे झालेले तंबू, एवढाच काय तो फरक.

जायचं असेल तर सभासद व्हावं लागतं आणि बॅच आधीच नोंदवावी लागते, कारण मे महिन्याच्या तारखांवर सगळ्यांचाच डोळा असतो. डबा, मग आणि चमचा घरून न्यायचा. रात्रीचं जेवण झालं की तो आपला आपण, बर्फगार पाण्यात, घासायचा.