जुनी फेरारी घेताना

दिवाळीनंतरची गोष्ट. धुळ्याजवळच्या खेड्यातला माझा भाचा जळगावला घरी आला आणि चहा व्हायच्या आतच त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. जाहिरात होती. शर्यतीच्या ट्रॅकसाठी खास बनवलेली, लाल रंगाची, वापरलेली फेरारी विकणे आहे. "मामा, फक्त नऊ हजार किलोमीटर चाललेली शे. नवीच समजा!"

मी आयुष्यभर मोटार दुरुस्ती शिकवली, त्यामुळे घरातल्या प्रत्येक गाडीचा सल्ला माझ्याकडे येतो. पण आजवर तो स्कूटर, जीप, फार तर ट्रॅक्टरचा असे. हसून विषय संपवावा असे वाटले. पण महामार्गाच्या रुंदीकरणात भाच्याची जमीन गेली होती आणि मोबदल्याचे पैसे बँकेत पडून होते. जमीन काही पुन्हा पिकत नाही. म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

त्याला आधी सचिनच्या गाडीची आठवण करून दिली. २००२ मध्ये सचिन तेंडुलकरने कसोटीत डॉन ब्रॅडमन यांच्या २९ शतकांची बरोबरी केली. त्यानिमित्त फियाट कंपनीने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते ती दिली गेली. गाडी भेट मिळाली, पण ती भारतात आणायची तर आयात शुल्क १२० टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी १३ लाख रुपये. ते माफ करण्यावरून २००३ मध्ये देशभर वाद झाला आणि अखेर ते फियाटने भरले. पुढे २०११ मध्ये ही गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली. म्हणजे धुळ्याहून साक्री, नवापूर केले की पुढच्याच शहरात. फुकट मिळालेल्या गाडीवरही एवढा खर्च पडतो, तर विकत घेतलेल्या जुन्या गाडीचे काय?

पण सचिनची गाडी ही रस्त्यावर चालवायची गाडी. साडेतीन लिटरहून थोडे मोठे, आठ सिलिंडरचे इंजिन, ताकद ४०० अश्वशक्ती. तिच्यावरूनच फेरारीने २००३ मध्ये 'चॅलेंज स्ट्रडाले' काढली. इंजिन ४२५ अश्वशक्तीचे केले आणि वजन सुमारे ११० किलोंनी घटवले. आतले गालिचे गेले, गाडी जमिनीला आणखी टेकली, ब्रेकच्या चकत्या लोखंडाऐवजी कार्बन-सिरॅमिकच्या आल्या. ट्रॅकसाठी बनवलेली गाडी ती अशी. आरामाची प्रत्येक गोष्ट काढून तिथे वेग बसवलेला असतो.

आता अशी गाडी जुनी घ्यायची तर पाहायचे काय? आपल्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस नुसता रंग पाहून पैसे मोजत नाही. दात पाहतो, खूर उचलतो, दौडवून पाहतो. गाडीचेही तसेच. मी भाच्याला तीन प्रश्न लिहून दिले.

पहिला प्रश्न: गाडी किती चालली हे नको, किती वर्षे उभी होती ते सांगा. ३६०च्या इंजिनात झडपांची वेळ सांभाळणारा रबरी पट्टा असतो. तो चालण्याने झिजतो, तसा नुसत्या काळानेही कडक होतो. म्हणून तो किलोमीटरवर नव्हे, वर्षांवर बदलायचा असतो. तुटला तर झडपा आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. टायरचेही तेच. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. '२३१९' असेल तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसली तरी जुने रबर पकड सोडते. तेव्हा नऊ हजार किलोमीटर ही शाबासकी नव्हे, ती चौकशीची सुरुवात.

दुसरा प्रश्न: ट्रॅकवर किती वेळा गेली? कोइम्बतूर, चेन्नई, ग्रेटर नोएडा येथे शर्यतीचे ट्रॅक आहेत. ट्रॅकवरचा एक तास म्हणजे सतत जोराचा ब्रेक आणि सतत चढे इंजिन. कार्बन-सिरॅमिकच्या चकत्या साध्या रस्त्यावर वर्षानुवर्षे टिकतात, पण ट्रॅकवरच्या उष्णतेने त्यातला कार्बन हळूहळू जळतो. चकती जाडीला तेवढीच राहते आणि वजनाला हलकी होते. म्हणून अशा चकत्यांवर किमान वजन कोरलेले असते. चकती काढून तराजूत घालावी लागते! नवा संच घ्यायचा तर त्या पैशांत आपल्याकडे चांगली मोटार येते. स्टिअरिंगमागच्या पट्टीने गिअर बदलणारी गाडी असेल तर क्लच किती झिजला, हेही संगणक लावून कळते.

तिसरा प्रश्न: कागद कुठे आहेत? आयात शुल्क भरल्याची पावती, नोंदणी, कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला, प्रत्येक दुरुस्तीचे बिल. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८ लागतो आणि महाराष्ट्राचा वाहन कर वेगळा भरावा लागतो. नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय गाडी आपल्या नावावर होत नाही.

एवढे सांगून मी त्याला घरासमोरचा गतिरोधक दाखवला. म्हटले, "ही गाडी यावरून पोट न घासता गेली पाहिजे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा थंड राहिली पाहिजे. आणि बिघडली तर ट्रकवर चढवून मुंबईला न्यावी लागणार. तो खर्च जाहिरातीत लिहिलेला नसतो."

भाचा काही बोलला नाही. चार दिवसांनी त्याचा फोन आला. त्याने विकणाऱ्याला तिन्ही प्रश्न विचारले होते. कागदांची छायाचित्रे लगेच आली. पट्टा बदलल्याचे बिल मात्र 'शोधून पाठवतो' असे उत्तर आले. आणि चकत्यांचे वजन विचारल्यावर त्या गृहस्थाने सांगितले, की दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, तुम्ही राहू द्या.

"मामा, मग राहूच दिलं," भाचा म्हणाला. पैसे अजून बँकेत आहेत. परवा तो पुन्हा आला होता. शिरपूरकडे एक जुना ट्रॅक्टर विकाऊ आहे म्हणे. या खेपेला खिशातून जाहिरात निघाली नाही, तोच प्रश्नांचा कागद निघाला. चकत्यांच्या वजनाचा प्रश्न तेवढा त्याने खोडला होता.