जखमी सागरी कासवांची शुश्रूषा
पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर तुटक्या जाळ्यांत गुरफटलेली ऑलिव्ह रिडले कासवे वाहून येतात. त्यांना लगेच समुद्रात सोडण्यामागील हेतू चांगला असला, तरी अशक्त कासव श्वासासाठी वर येऊ न शकल्याने बुडते. फुप्फुसे पाठीच्या कवचालगत असल्यामुळे कवचाची भेगही क्षुल्लक मानू नये. शरीराची उष्णता सभोवतालावर अवलंबून असल्याने जखम भरण्यास कित्येक आठवडे, प्रसंगी महिने लागतात. कासव सावलीत ठेवून, जखम व नाकपुड्या वगळून पाठीवर ओले फडके घालावे. गुरांना किड्यांवर दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवास प्राणघातक ठरू शकते. गावठी उपचार करणाऱ्यांस हे आवर्जून सांगावे. १९७२ च्या अधिनियमान्वये संरक्षित असलेल्या या प्राण्याबाबत वनविभागास त्वरित कळवावे. डहाणू येथे कासवांसाठी उपचार केंद्र आहे.