चिठ्ठी पुढे सरकवा

परीक्षेच्या वर्गात कॉपीची चिठ्ठी एका बाकावरून दुसऱ्या बाकावर कशी सरकते, हे आपण पाहिलंय. (केलंय, असं मी म्हणत नाही!) पण चिठ्ठी देऊन टाकली तरी देणाऱ्याकडे ती तशीच राहते, असं कधी पाहिलंय? जिवाणू हेच करतात.

गोष्ट १९५५ची. हाँगकाँगहून जपानला परतलेल्या एका रुग्णाला आव पडत होती. कारण शिगेला नावाचा जिवाणू. सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन... हा पठ्ठ्या चौघांनाही बधेना!

असे रुग्ण वाढत गेले, तसं कोडंही. अपघाताने बदल घडून एखादा जिवाणू औषधाला दाद देईनासा होतो, हे माहीत होतं. पण तो कोट्यवधींत एखादा. चार औषधांवरचे चार अपघात एकाच्याच नशिबी? एकाच माणसाला लागोपाठ चार लॉटऱ्या लागाव्यात तसं! त्याहून चक्रावणारं म्हणजे, याच रुग्णांच्या आतड्यात एरवी गुण्यागोविंदाने नांदणारा इ. कोलाय हा वेगळाच जिवाणूही नेमक्या त्याच चार औषधांना जुमानत नव्हता.

कोण कोणाला शिकवत होतं?

१९५९च्या सुमारास आकिबा आणि ओचिआई या जपानी संशोधकांनी स्वतंत्रपणे एक साधा प्रयोग केला. चिवट इ. कोलाय आणि औषधाने मरणारा शिगेला एकत्र वाढवले. शिगेला चिवट झाला. चारही औषधांविरुद्ध, एका दमात!

इ. कोलायने शिगेलाकडे सरकवलेली ही चिठ्ठी म्हणजे डीएनएचं छोटंसं कडं, प्लाझ्मिड. कड्याला दोन पदर. देणारा एक अतिबारीक तंतू टाकून शेजाऱ्याला जवळ ओढतो, एक पदर त्याच्याकडे सरकवतो, आणि मग दोघेही आपापला उणा पदर नव्याने विणून घेतात. झाल्या दोन चिठ्ठ्या.

जपानी शिगेलातल्या अशा एका कड्याचं नाव आर१००. त्यावर लिहिलंय काय? टेट्रासायक्लिन आत शिरलं की बाहेर फेकणारा पंप. स्ट्रेप्टोमायसिन आणि क्लोरॅम्फेनिकॉलला शेपूट चिकटवून निकामी करणारी एन्झाइम्स. सल्फा ज्या एन्झाइमला अडवतं, त्याचा सल्फाला न बधणारा बदली गडी. आणि वर पाऱ्यापासून बचावाची सोय!

आता डॉक्टरांनी नुसतं क्लोरॅम्फेनिकॉल दिलं, तर? साधे जिवाणू मरतात, कडंवाले उरतात, आणि रुग्णाच्या आतड्यात त्याने कधीच न घेतलेल्या तीन औषधांवरचे उतारेही फोफावतात.