तेरचे पाषाणमणी

धाराशिव शहराच्या ईशान्येस तेरणा नदीकाठी वसलेले तेर हे गाव संत गोरोबाकाकांचे म्हणून सर्वपरिचित आहे. हेच गाव प्राचीन काळी ‘तगर’ या नावाने समुद्रापलीकडेही ज्ञात होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तांतानुसार पैठणहून पट्टेदार अकीक आणि तगरहून कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असे. त्या कापडाची केव्हाच माती झाली. टिकले ते दगडाचे मणी.

तेर येथील कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या परिसरात सापडणाऱ्या प्राचीन वस्तूंचा संग्रह मोठ्या आस्थेने केला. आज तो त्यांच्याच नावाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. तेथील मृण्मूर्ती व हस्तिदंती बाहुली पाहण्यास अभ्यासक दुरून येतात. मण्यांपुढे मात्र प्रेक्षक फारसा रेंगाळत नाही. वस्तुतः क्षणभर तेथेच थांबावे.

दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत सिलिका साचून अकीक व गारगोटी तयार होते. पोलादी चाकूचाही ओरखडा उठू नये इतका हा दगड कठीण. त्याला वाटोळा आकार देणे सोपे नव्हे. गुजरातेत खंबायतचे कारागीर हे काम आजही करतात. प्रथम दगड भाजला जातो, त्यामुळे त्याचा तांबडा रंग खुलतो. मग त्याचे टवके उडवून ओबडधोबड गोळी काढतात, ती घासतात, तिला झिलई देतात आणि हिऱ्याची कणी बसविलेल्या सामत्याने दोन्ही बाजूंनी भोक पाडतात. जुना मणी उजेडात धरल्यास ही दोन भोके मध्यावर किंचित चुकलेली कधी कधी दिसतात. कारागिराचा हात तेवढ्यापुरता आपल्या ओळखीचा होतो!

असा मणी जुन्या पांढरीत पावसानंतर उघडा पडला की तो उचलून खिशात टाकण्याचा मोह कोणासही होईल. प्रस्तुत लेखकासही तो झालेला आहे. परंतु हौशी संग्राहक चकचकीत तेवढे वेचतो आणि फुटका मणी, अर्धवट घडलेली गोळी, दगडाचे टवके फेकून देतो. अभ्यासकाला नेमके तेच हवे असतात, कारण जेथे टवके व अपुरे मणी एकत्र मिळतात, तेथे मणी घडविले जात होते असे म्हणता येते. नुसता पूर्ण मणी कोठूनही आलेला असू शकतो. शिवाय तो कोणत्या थरात, कोणत्या नाण्याजवळ वा खापराजवळ होता हे कळले तरच त्याचा काळ ठरतो. चापेकर यांनी तेर येथे १९५८ साली केलेल्या उत्खननाचे महत्त्व यातच आहे. लामतुरे यांच्यासारख्यांनी जपले नसते तर पुष्कळ वस्तू परागंदा झाल्या असत्या, हेही तितकेच खरे.

कायद्याची बाजूही वाचकांनी ध्यानात घ्यावी. १८७८ च्या निखात निधी अधिनियमान्वये जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू अधिनियमानुसार अशा वस्तूंचा व्यापार परवान्याविना करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीस त्या परदेशी पाठविता येत नाहीत. शेतात मणी दिसल्यास तो जागचा न हलविता शेताचा गट क्रमांक व दिनांक टिपून ठेवावा आणि तहसील कार्यालयास किंवा तेरच्या वस्तुसंग्रहालयास कळवावे. आजूबाजूचे टवकेही तसेच राहू द्यावेत.