अडगळीतल्या मशीनला पुन्हा दोरा ओवा

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद किंवा आळंद, कोणत्याही तालुक्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात एक वस्तू हमखास सापडते. वर जुनी चादर टाकलेली, चादरीवर लोणच्याच्या बरण्या नाहीतर मुलांची दप्तरे. खालून मात्र ओतीव लोखंडाची नक्षीदार जाळी आणि मोठे चाक डोकावत असते. आजीचे, अव्वाचे पायमशीन!

घर नव्याने बांधायला काढले की या मशीनचा निकाल लागतो. भंगारवाला ते किलोवर नेतो. अलीकडे शहरातल्या हॉटेलांना आणि शौकिनांना लोखंडी स्टँडचे आकर्षण वाटू लागले आहे. वर काच किंवा फरशी बसवली की छान टेबल तयार होते. पण वरचे मशीन, ज्याला कारागीर 'हेड' म्हणतात, ते मात्र फेकले जाते. टेबल मिळते, मशीन जाते. म्हणूनच सांगणे एवढेच, की स्टँड आणि हेड यांची ताटातूट करण्यापूर्वी ते चालते का, हे एकदा पाहा. बहुतेक वेळा ते चालते.

सुईचा वारसा

आपल्या भागाला सुईचा मान नवा नाही. संत नामदेव शिंपी कुळातले, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंचा शिंपी समाज आजही त्यांचे नाव लावतो. तिकडे शरणांच्या परंपरेत सूजिकायकद रामितंदे हे वचनकार होऊन गेले. त्यांचे कायकच सुईचे! आपल्या दुभाषी घरांत मराठीत शिवण आणि कन्नडात होलिगे. नव्या सुनेने 'होलिगे' आणि 'होळिगे' यांत गल्लत केली की घरभर हशा पिकतो. एक शिवणकाम, दुसरी पुरणपोळी. पण दोन्ही कामे बहुधा एकाच बाईच्या हातची.

हप्त्यावर आलेले मशीन

अमेरिकेच्या आयझॅक मेरिट सिंगर यांनी १८५१ मध्ये आपल्या शिलाई मशीनचे पेटंट घेतले. मशीन महाग होते, म्हणून कंपनीने लवकरच ते हप्त्यावर विकायला सुरुवात केली. सामान्य घरात ते पोचले ते या युक्तीमुळे. हिंदुस्थानात हा व्यापार वाढवला तो मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी मेरवानजी पटेल यांनी. स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँक येथे सिंगरचा प्रचंड कारखाना होता. तो १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. आपल्याकडची कितीतरी जुनी सिंगर मशीन्स तिथलीच.

यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मधल्या एका संभाषणात सिंगरच्या मशीनचा अपवाद केला होता. माणसाचे कष्ट वाचवणारे आणि त्याला बेकार न करणारे यंत्र त्यांना मान्य होते.

पुढे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' आणले. लाला श्रीराम यांच्या मुलीच्या नावावरून हे नाव पडले. सिंगरच्या घराण्यातलेच 'मेरिट' हे नाव मात्र मूळ मालकाच्या नावातले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा बदलल्या, पण मशीन तेच राहिले. त्यावर परकर-पोलकी, झबली-टोपडी, खणाची कुंची आणि शाळेच्या खाकी चड्ड्या शिवल्या जात राहिल्या.

शिलाईचे हे पैसे घरच्या हिशेबाच्या वहीत क्वचितच लिहिले गेले. नवऱ्याच्या माघारी या एका मशीनवर मुलांना शिकवणाऱ्या आया आपल्या प्रत्येक गावात होत्या. शेतीचा सातबारा असतो, पाहणी असते. या मिळकतीचा पुरावा म्हणजे फक्त ते मशीन. ते भंगारात गेले की पुरावाही गेला.

आधी ओळख करून घ्या

सिंगर असेल तर हेडच्या उजव्या अंगाला, पाटावर कोरलेला नंबर शोधा. साधारण १९०० पूर्वीच्या नंबरात फक्त आकडे असतात, नंतरच्या नंबराआधी इंग्रजी अक्षर येते. 'एफ' किंवा 'वाय' असेल तर मशीन क्लाइडबँकचे. 'ई' आणि पुढे आणखी एक अक्षर असेल तर तेही तिथलेच, पण १९३५ नंतरचे. सरकत्या पत्र्यावर पेटंटची तारीख असेल तर ते मशीनचे जन्मवर्ष समजू नका.

मग खालचे शटल बघा. होडीसारखे लांब शटल म्हणजे जुना प्रकार. गोल बॉबिन आणि बॉबिन केस असेल तर ते सिंगरच्या १५ नंबरच्या घडणीचे. उषा, मेरिट आणि लुधियानाची बहुतेक घरगुती मशीन्स याच घडणीची आहेत. त्यामुळे त्यांचे सुटे भाग आजही मिळतात. सुईसुद्धा तीच, १५×१ या मापाची, कोणत्याही शिलाईच्या दुकानात मिळणारी. लांब शटल हरवले असेल तर मात्र शोध घ्यावा लागतो. संग्रहासाठी विकत घेताना हे आधी तपासा. ओतीव लोखंडाला तडा असेल तर तो व्यवहार टाळलेला बरा.

लाखो रुपयांच्या अफवांपासूनही सावध राहा. एप्रिल २००९ मध्ये सौदी अरबस्तानात जुन्या सिंगरच्या सुईत 'लाल पारा' असतो अशी आवई उठली आणि लोकांनी भरमसाट किमती मोजल्या. असा पारा कुणालाही सापडला नाही, कारण तो नव्हताच. जुने मशीन मौल्यवान आहे, पण ते चालते म्हणून.

घरच्या घरी दुरुस्ती

आखडलेले चाक जोर लावून फिरवू नका. बहुतेक वेळा बिघाड नसतो. वर्षानुवर्षांचे तेल वाळून चिकटा झालेला असतो, किंवा शटलमध्ये दोऱ्याचा तुकडा अडकलेला असतो.

आधी सुई काढा, पण तिची सपाट बाजू कोणत्या दिशेला होती ते लिहून ठेवा. मग वादी उतरवा. शटल काढून तिथला दोरा चिमट्याने ओढून घ्या. दात्यांखालचा कापडाचा भुगा ब्रशने झाडा. प्रत्येक सांध्यात आणि तेलाच्या छिद्रात मशीनचे तेल सोडून रात्रभर ठेवा. मशीन उन्हात ठेवले तर चिकटा मऊ पडतो. आपल्या उन्हाळ्याचा एवढा तरी फायदा! दुसऱ्या दिवशी चाक हलकेच मागेपुढे करा. सुटले नाही तर पुन्हा तेल. रॉकेलने चिकटा लवकर निघतो, पण रॉकेल वंगण नव्हे. त्यानंतर तेल द्यायलाच हवे. खोबरेल किंवा शेंगतेल मात्र कधीही घालू नका. मशीन आखडण्याचे तेही एक मोठे कारण असते.

सोनेरी वेलबुट्टी जपा. तिच्यावर थिनर किंवा स्पिरिट लावले की ती निघून येते. मशीनच्याच तेलाचा बोळा फिरवा. नवा रंग देण्याचा मोह आवरा.

चामड्याची वादी ताणली असेल तर थोडी कापून तारेची कडी पुन्हा बसवा. फार घट्ट केली तर पायडल जड जाते. चालवताना वरचे चाक हाताने आपल्याकडे फिरवून सुरुवात करावी. चाक उलटे गेले की दोरा तुटतो. टाके सुटत असतील तर आधी सुई बदला. कापडाखाली दोऱ्याचे फास दिसत असतील तर वरचा दोरा पुन्हा नीट ओवा आणि वरचे टेन्शन पाहा.

मग पुढे काय?

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. नवे मशीन आले तरी जुने टाकू नये. वीज गेली तरी ते थांबत नाही. इंग्लंडमध्ये 'टूल्स फॉर सेल्फ रिलायन्स' या संस्थेने लोकांनी दिलेली जुनी शिलाई मशीन्स दुरुस्त करून आफ्रिकेत पाठवली. आपल्याला तर तितके लांब जायचीही गरज नाही. गल्लीतच शिवण शिकणारी एखादी मुलगी असते.

आणि एक काम विसरू नका. मशीन कुणी घेतले, केव्हा, कुणाचे कपडे शिवले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहा. मराठीत लिहा, कन्नडात लिहा, आणि कागद मशीनच्या खणात ठेवा. येत्या दिवाळीच्या साफसफाईत बरण्या खाली उतरवा, चादर काढा आणि पहिला थेंब तेलाचा सोडा.